मिसळणाच्या डब्यातली तार: कॅम्प एक ते बेलवली, थंडीतले तीन दिवस

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही काय फिरायला जायची ठिकाणं आहेत का, असं मला आजवर तिघांनी विचारलं आहे. तिघंही लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन परत येणारे. त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांना कामाच्या जागा बघायला आवडतात, कोण काय करून पोट भरतं याची ज्यांना उत्सुकता असते आणि ज्यांच्या पायांत चांगल्या चपला आहेत, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. ज्या सरांकडे मी एम.ए. केलं, त्यांनी एक सरकारी काम घेतलं होतं, मुक्त व्यापार क्षेत्राच्या मूल्यमापनाचं. मुंबईच्या उपनगरात कुंपण घालून एक जागा आखलेली होती. आत परदेशी कच्चा माल बिनजकातीचा यायचा, त्यातून वस्तू बनायच्या आणि त्या सगळ्या परदेशी जायच्या. तिथे येणारे-जाणारे सगळे तिला नुसतं ‘झोन’ म्हणत. आत किती निर्यात झाली, किती लोक कामाला लागले, हे मोजायला सरांकडे माणसं होती. मला त्यांनी कुंपणाबाहेरचा भाग दिला.

“आतल्याचा बाहेर कुणाला फायदा होतो का, तेवढं बघा,” सर म्हणाले. “आणि हे एक प्रकरणही बघा.”

प्रकरण असं होतं. झोनमधला एक कारखाना टेलिफोनात लागणाऱ्या कॉइली करायचा. प्लॅस्टिकच्या बोटभर बॉबिनवर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, ती कॉइल. गुंडाळायचं काम बाहेर दिलेलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला ठेकेदार तारेची रिळं नेई आणि अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बायकांकडून काम करून घेई. तार बिनजकातीची, म्हणून तिचा प्रत्येक तुकडा तोलून परत यायला हवा. शंभरात दोन भाग वाया गेले तर चालत होते. गंमत अशी की वर्षाहून जास्त काळ, दर आठवड्याला, प्रत्येक बाईच्या नावापुढे बरोबर दोनच. कधी दीड नाही, कधी तीन नाही.

असा आकडा बघून कोणीही अर्थशास्त्राची बाई जे म्हणेल तेच मी म्हटलं: बनावट आहे. झोनच्या कार्यालयालाही तोच संशय होता, की तार उल्हासनगरच्या बाजारात विकली जाते आणि कागद घरी बसून भरले जातात. बाहेर काम द्यायची परवानगी त्या महिन्यात संपत होती. माझा शेरा वाईट आला तर मुदतवाढ मिळणार नव्हती आणि बुवापाड्यात रीळ जाणं थांबणार होतं. मला ते माहीत होतं. तरीही मी अगदी उत्साहानं निघाले, हे कबूल करते. चोर पकडायला निघालेल्या माणसाला सकाळी लवकर जाग येते.

पहिला दिवस: कॅम्प एक

ठाण्याहून एसटीनं कल्याण आणि कल्याणहून रिक्षानं शहाडच्या पुलावरून कॅम्प एक. तेव्हाचे भाव सांगून तुम्हाला उपयोग नाही. एवढं सांगते की रिक्षावाल्यानं मीटरपेक्षा जास्त मागितले आणि मी दिले नाहीत. रस्ता वाईट होता. सोबत पाण्याची बाटली आणि नाकाला रुमाल हवा.

कॅम्प एक म्हणजे खाली दुकान, वर घर आणि मध्ये जिन्यावर अजून एक दुकान. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी बराकींतून उभं केलेलं गाव. पाट्या हिंदीत, हिशेब सिंधीत, शिव्या मराठीत. एका गल्लीत पत्र्याच्या पेट्या, पुढच्या गल्लीत बटणं, त्याच्या पुढे पापड वाळत घातलेले. नाश्त्याला दालपकवान खा. कुरकुरीत पुरीसारखं पकवान, वर चणाडाळ, कांदा आणि चिंचेचं पाणी. मी उभ्यानं खाल्लं आणि आणखी एक मागितलं.

ठेकेदाराचं नाव खूबचंद. गल्ली त्यांना शेठ म्हणायची. पन्नाशीचे, कपाळाला चष्मा, हातात कायम स्क्रू पिळायचा एक पेचकस. मी ओळखपत्र दाखवल्याबरोबर त्यांनी आत हाक मारली आणि पाणी आलं. पाण्याबरोबर भाजलेला पापड आला.

“मी कामावर आहे. काही घेणार नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, पापडाशिवाय पाणी आमच्यात देत नाय. दुश्मनला पण देत नाय.”

पापड खाल्ला. मग रजिस्टर मागितलं. सगळीकडे तेच दोन.

“शेठ, हे असं कसं येतं?”

“आता है, मॅडम. बायका आणून देतात, मी तोलतो, लिहितो. मेरेको भी पहले डाऊट आया था. मी दुसऱ्या काट्यावर तोललं. सेम.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?”

“जिथे माल बरोबर येतो तिथे मी कशाला विचारू? जिथे कमी येतो तिथे विचारतो.” मग पेचकस टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मॅडम, झोन म्हणजे काय, मी सांगू? कुंपणाच्या आत परदेश, बाहेर कॅम्प वन. मी माझ्या वडलांसारखा बॉर्डरवर उभा. इकडची पण पोलीस, तिकडची पण पोलीस. मी तार विकीन कशाला? पकडला गेलो तर परत कुठे जाऊ?”

पटण्यासारखं होतं, पण पटून चालत नाही. मी वहीत लिहिलं: “आकडे बनावट. खात्री.” शाईनं लिहिलं.

मुक्काम बदलापूरला, बेलवलीत. माझी धाकटी नणंद शैला तिथे राहायची. तिचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. बेलवली तेव्हा निम्मी वसाहत आणि निम्मं शेत होती. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत जाता यायचं. रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. तुमची तिथे नणंद नसेल तर कोणाची तरी मिळवा. तेव्हा हॉटेलात असं जेवण मिळत नव्हतं.

दुसरा दिवस: अंबरनाथ, बुवापाडा

“वहिनी, मी पण येते,” शैला सकाळी साडी बदलून उभीच होती.

“ही सहल नाही.”

“तुमच्या तोंडाकडे बघून ते कळतंय. म्हणून तर येते. तुमच्याशी कोण बोलणार?”

बदलापूरहून अंबरनाथ एकच स्टेशन. आधी शंकराच्या देवळात गेलो, कारण शैला न जाता राहिली नसती. जाच. काळ्या दगडावरचं कोरीव काम उन्हात सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात चांगलं दिसतं. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे, पायऱ्या ओल्या असतात, म्हाताऱ्या माणसांनी हात धरावा. शेजारून वालधुनी वाहते. तिच्याबद्दल एवढंच सांगते, की नाकाचा रुमाल इथेही लागतो.

तिथून रिक्षानं बुवापाडा. चाळीसारखी बैठी घरं, दारात रांगोळी आणि तुळशीऐवजी कोरफड. बहुतेक कुटुंबं छप्पन सालानंतरची बौद्ध. कोणाचा नवरा कारखान्यात, कोणाचा रेल्वेत, पोरं शाळेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या रंजनाताई, पस्तिशीच्या, मॅट्रिक झालेल्या. त्यांच्या पुढच्या खोलीत पाच बायका पाटावर बसून मशिनं फिरवत होत्या. हातानं फिरवायचं छोटं मशिन, बाजूला वेढे मोजणारा काउंटर. बाकीच्या आपापल्या घरी हेच काम करत. तार इतकी बारीक की उजेडाकडे धरली तरच दिसते.

“जयभीम, बसा मॅडम,” रंजनाताई म्हणाल्या. हात थांबला नाही. “वेढा मधेच सोडला तर तुटंल. एवढा संपवते.”

मी उभी राहिले. त्यांनी संपवला, टोकं बॉबिनच्या पिनांना गुंडाळली आणि मग नीट बघितलं माझ्याकडे.

“झोनमधून आलात?”

“झोनच्या कामासाठी. तार मधेच तुटली तर काय करता?”

“सांधा चालत नाय. सगळी उतरवायची, भंगारात जाते. नवीन बॉबिन.”

“मग तुटणाऱ्या आठवड्यात भंगार जास्त होत असेल.”

“होतंय की.”

“मग कागदावर दर आठवड्याला दोनच का?”

पाचही मशिनं थांबली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं दुसरीकडे बघितलं.

इतक्यात शैला उठली. “तुम्ही बोला, मी चहा टाकते,” असं म्हणून ती परक्या घराच्या स्वयंपाकघरात शिरली. तिला जन्मभर ही खोड आहे. लोकांच्या फळीवरचे डबे उघडायचे आणि वेलची शोधायची. मी आतून आवाज ऐकला, “अगं बाई!”

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. तुम्ही हळद, मोहरी, जिरं ठेवता तसाच. पण त्या वाट्यांत मसाला नव्हता. सहा वाट्यांत चकचकीत तांब्याची तार, प्रत्येकीत वेगळ्या जाडीची, काड्यांवर नीट गुंडाळलेली. मधल्या वाटीत भंगाराची गुंतवळ.

“ही कोणाची तार?” मी विचारलं. वर्गातला आवाज लागला होता.

“आमची,” रंजनाताई म्हणाल्या.

“तुमची नाही. ही झोनची आहे. हा बिनजकातीचा माल आहे. तो कुंपणाबाहेर ठेवणं गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत आहे?”

“वहिनी,” शैला हळूच म्हणाली.

“तू गप्प बस. चहा बघ.”

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “ऐकून तरी घ्या बाई. तुम्ही मास्तरीण दिसता. मास्तरीण आधी ऐकते.”

मी बसले. खरं म्हणजे मला बसवलं.

रंजनाताईंनी डबा पुढे घेतला. “ही आमची भिशी आहे,” त्या म्हणाल्या. “पैशाची नाय, तारेची. माझा या आठवड्यात एकच भाग वाया गेला समजा. तर माझी उरलेली चांगली तार या वाटीत. हिची तार तुटली, हिचं तीन झालं. तर हिनं इथली चांगली तार घ्यायची, कॉइली पूर्ण करायच्या. हिचं जास्तीचं भंगार मी माझ्या पुडीत घालायचं. मग माझं पण दोन, हिचं पण दोन.”

“कशासाठी?”

“दोनच्या वर गेलं की नावाला लाल खूण. लाल खूण झाली की पुढच्या आठवड्याला रीळ नाय. हिचा नवरा गेल्या वर्षी दवाखान्यात होता. जागरणानं हात हलायचा, रोज तुटायची. आम्ही बाकीच्यांनी काय करायचं, बघत बसायचं?”

“आणि ज्या आठवड्यात कोणाचीच तुटत नाही?”

“तेव्हा भंगार मधल्या वाटीतलं. शिकताना तुटलेली तार कुणी परत मागितली नव्हती, ती तिथे साठलीय. आणि चांगली तार डब्यात वाढते. वाटी भरली की दुसरी.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “एक वीत तार बाहेर गेलेली नाय. मोजा.”

मी सहा वाट्या बघितल्या. आणि मला, जिला हे सगळं आधीच कळायला हवं होतं, आत्ता कळलं. डबा भरत चालला होता, याचा अर्थ या बायकांचं खरं नुकसान शंभरात दोनपेक्षा कमी होतं. नियमापेक्षा चांगलं काम त्या वर्षभर करत होत्या, आणि ते त्यांनी मसाल्यासारखं डब्यात झाकून ठेवलं होतं.

चहा आला. शैलाला वेलची मिळालेली नव्हती. आलं घातलं होतं.

त्या संध्याकाळी बेलवलीत

“तुम्ही हे लिहिणार?” शैलानं विचारलं. ती गच्चीवर वाल सोलत होती, मी वही घेऊन बसले होते.

“बघितलं ते लिहायचं असतं.”

“लिहिलंत तर बंद करतील. माल बाहेर ठेवला म्हणतील.”

“नाही लिहिलं तरी बंद करतील. दोनच्या आकड्यावर आधीच संशय आहे.”

“मग नुसतं लिहा, की बायका प्रामाणिक आहेत.”

“कशावरून? विचारतील ना. पुरावा डबाच आहे. आणि डबाच गुन्हा आहे.”

शैला थोडा वेळ वाल सोलत राहिली. “वहिनी, तुम्ही कॉलेजात दोन मार्कांनी पोरांना नापास करता. तेव्हा असा विचार करता?”

शैला क्वचितच बरोबर असते, पण असते तेव्हा वेळ साधून.

तिसरा दिवस: नदी, आणि पुन्हा बुवापाडा

सकाळी उल्हास नदीवर जा. बेलवलीहून चालत जाण्यासारखी होती. थंडीत पाण्यावर धुकं असतं, पलीकडे भाताची रिकामी खाचरं. तेव्हा नदीला नदीचा वास होता. आता कसा आहे, तुम्हीच बघून कळवा. मी तासभर चालले आणि परतताना ठरवलं.

ठाण्याकडे जाताना अंबरनाथला उतरले, या वेळी एकटी. रंजनाताई दारातच होत्या.

“मी सगळं लिहिणार आहे,” मी म्हटलं. “डब्यासकट. पण आधी तुम्हाला सांगायला आले. मी लिहिलं आणि नंतर कोणी डबा पकडला, तर ती चोरी. मी लिहायच्या आधी तुम्ही स्वतः नेऊन दिलात, तर ती परत केलेली तार. परवानगी टिकेलच, असं मी सांगू शकत नाही.”

त्यांनी आत बघितलं. मशिनं चालू होती.

“डबा दिला आणि पुढच्या आठवड्यात हिची तुटली तर?”

“तर लाल खूण होईल. तेवढ्यासाठी मी वेगळं लिहीन. प्रत्येकीचा दर आठवड्याला हिशेब धरू नका, सगळ्यांचा मिळून तीन महिन्यांचा धरा. त्यात तुम्ही दोनच्या खाली आहात.”

“म्हणजे आमची भिशी कागदावर.”

“हो.”

“आणि त्यांनी नाय म्हटलं तर?”

“तर बंद पडेल. आणि त्यात माझा हात असेल.”

रंजनाताईंनी पदर खोचला. मग आत वळून म्हणाल्या, “म्हातारे, डबा काढ. नीट पुसून काढ. साहेबांच्या टेबलावर ठेवायचाय.” आणि मला म्हणाल्या, “सोमवारी येते. पण मॅडम, तुम्ही तिथे पाहिजे. शेठ एकटा असला की नुसता घाम पुसतो.”

सोमवार: झोनच्या दारात

हा प्रवासाचा भाग नाही, पण सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. झोनचं फाटक, आत जायला पास, बाहेर यायला पास. खूबचंदशेठ खरंच घाम पुसत होते. रंजनाताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. दारावरच्या पहारेकऱ्यानं डबा बघितला, म्हणाला, “जेवण आहे?” शेठ चटकन “हां, हां” म्हणाले आणि डबा कुठेही नोंद न होता आत गेला.

आतल्या कारकुनानं फॉर्म चाळले. “कमी आलेल्या मालाचा फॉर्म आहे. जादा आलेल्या मालाचा नाही.”

“मग करा,” मी म्हटलं.

“आजवर जादा कोणी आणलंच नाही, मॅडम.”

परवानगी देणारे साहेब आले. वाट्या बघून त्यांचा चेहरा कडक झाला. “ही तार बाहेर ठेवलीच कशी?”

“साहेब, ठेवली म्हणून तर आणता आली,” रंजनाताई म्हणाल्या. “विकली असती तर रिकाम्या हातानं आले असते. किंवा आले नसते.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा मसुदा पुढे ठेवला. त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. तार तोलली. दुसऱ्या काट्यावर तोलली. खूबचंदशेठना लेखी ताकीद मिळाली. मुदतवाढ सहा महिन्यांची मिळाली, तीही तिमाहीच्या हिशेबानं करून बघू म्हणून. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

आम्ही निघालो तर पहारेकऱ्यानं रंजनाताईंना अडवलं. हातात रिकामा मिसळणाचा डबा.

“धातूची वस्तू आहे. आत आल्याची नोंद नाही. गेटपासशिवाय बाहेर जाणार नाही.”

“अरे, मगाशी तूच जेवण म्हणालास!” शेठ ओरडले.

“मग जेवण कुठाय?”

मी परत आत गेले. कारकुनानं पंचवीस मिनिटं घेतली आणि गेटपास लिहिला: “डबा, मिसळणाचा, वाट्यांसह, वापरलेला, नग एक.” रंजनाताई तो कागद वाचून एवढ्या हसल्या की पहारेकरीही हसला.

घरी

सरांच्या अहवालात त्या साऱ्याची दीड ओळ उरली: बाहेरच्या कामात मालाची नासाडी ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा कमी आढळते. झोनचं यश किती, अपयश किती, यावर पुढे पुष्कळ पानं होती. ती मी आजही शिकवू शकेन. मुदतवाढ पुढे आणखी काही वेळा मिळाली. नव्वदीच्या मध्यावर कारखान्यानं आपोआप गुंडाळणारी मशिनं आणली आणि बुवापाड्यात रीळ जाणं थांबलं. ते कोणाच्या शेऱ्यानं थांबलं नाही. रंजनाताईंनी नंतर शिवणाचं काम धरलं, असं शैलाकडून कळलं. डब्यात आता हळद आहे, हेही तिनंच सांगितलं. अर्थातच तिनं उघडून बघितला होता.

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात जा, तीन दिवस ठेवा, दालपकवान चुकवू नका आणि पाण्याबरोबर पापड आला तर मुकाट्यानं खा.

ती वही माझ्याकडे आहे. “आकडे बनावट. खात्री.” ही ओळ मी तिसऱ्या दिवशी अंबरनाथच्या फलाटावर बसून खोडली आणि खाली रंजनाताईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. पान फाडता आलं असतं. पण वर्गात मी पोरांना पानं फाडू देत नसे.